बाळंतपणातल्या हलगर्जीपणामुळे बाळाला इजा झाली तर: फाईल मागण्यापासून भरपाईपर्यंत

बहुतेक कुटुंबांच्या मनात कायद्याचा विचार खूप उशिरा येतो. बाळ वर्ष-दीड वर्षाचं होतं, मान धरत नाही, बसत नाही. मग फिजिओथेरपीवाले किंवा मेंदूविकारतज्ज्ञ सहज विचारतात, ‘जन्मल्यावर लगेच रडलं होतं का हो?’ तिथून घरात चर्चा सुरू होते. कळा किती तास चालल्या होत्या, डॉक्टर किती वाजता आले, सिझरचा निर्णय एवढा उशिरा का झाला. तोवर दोन घड्याळं चालू झालेली असतात. एक रुग्णालयाने फाईल जपून ठेवण्याच्या मुदतीचं, दुसरं तक्रार करण्याच्या मुदतीचं. म्हणून या लेखाची सुरुवात कोर्टापासून न करता कागदांपासून केली आहे.

लेख महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. अशा बहुतेक तक्रारी ग्राहक कायद्याखाली होतात आणि तो देशभर एकच असल्यामुळे गोव्यातल्या, बेळगावातल्या किंवा इंदूरच्या कुटुंबालाही त्यातला बराचसा भाग लागू पडेल. वैद्यकीय परिषद आणि राज्याचे नियम मात्र तिथले बघावे लागतील.

पहिला प्रश्न: हा खरंच हलगर्जीपणा आहे का

हा प्रश्न टाळू नका, कारण पुढे समोरचा वकील सर्वांत आधी हाच विचारणार आहे. बाळात दोष आहे म्हणजे कोणाची तरी चूक आहेच असं नसतं. गुणसूत्रांतले बिघाड, हृदयातली छिद्रं, दुभंगलेला ओठ, यातलं बहुतेक काही कोणाच्या चुकीने होत नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं, त्याच्याही बहुतांश मुलांमध्ये कारण बाळंतपणाच्या आधीचं किंवा नंतरचं असतं, प्रसूतीच्या खोलीतलं नसतं. सोनोग्राफीत प्रत्येक दोष दिसतोच असंही नाही.

कायदा दोन गोष्टी सिद्ध करायला सांगतो. एक, त्या परिस्थितीत साधारण कुशल डॉक्टरने जे केलं असतं ते इथे झालं नाही. दोन, बाळाची इजा त्यामुळेच झाली. लोक पहिल्या गोष्टीवर सगळा जोर लावतात आणि दुसरीवर हरतात. डॉक्टर उशिरा आले हे सिद्ध झालं, पण मेंदूची इजा गर्भातच आठवडाभर आधी झाली होती असं एमआरआय सांगत असेल, तर प्रकरण तिथेच अडतं.

ज्या प्रकारच्या तक्रारींमध्ये दम असू शकतो त्या साधारण अशा. कळा सुरू असताना बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवलं नाही, किंवा ठोके घसरले असूनही सिझरला उशीर केला आणि बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. खांदा अडकल्यावर जोराने ओढल्यामुळे हाताच्या नसा तुटल्या. नवजात बाळाची कावीळ वाढत असताना रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ करणारं द्रव्य, तपासलंच नाही आणि ते मेंदूत उतरलं. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असून आधीच्या बाळंतपणानंतर, पुढच्या बाळाला धोका टाळणारं अँटी-डी इंजेक्शन दिलं नाही. फिट्सचं व्हॅल्प्रोएट किंवा मुरमांवरचं आयसोट्रेटिनॉइन गर्भावर परिणाम करतं हे माहीत असूनही बाईला सावध केलं नाही. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत स्पष्ट दिसायला हवा असा दोष ‘सर्व काही नॉर्मल’ लिहून सुटला.

शेवटच्या प्रकाराबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. सोनोग्राफी करणाऱ्याने दोष निर्माण केलेला नसतो. त्याने पालकांची निर्णयाची संधी घालवलेली असते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, काही गटांतल्या स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने त्यानंतरही गर्भपात करता येतो. त्यामुळे वेळेवर कळलं असतं तर पर्याय होता, हा मुद्दा आता पूर्वीपेक्षा ठाम मांडता येतो. नागपूरच्या एका सोनोग्राफी केंद्राविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये सव्वा कोटी रुपयांचा आदेश दिला तो याच प्रकारातला. सोनोग्राफ्या २००६ सालच्या होत्या आणि बाळ जन्मलं तेव्हा हातापायांचे भागच नव्हते. बोटं आणि पाय दिसायला हवेत, हे सांगायला फार मोठा तज्ज्ञ लागत नाही. हृदयातलं बारीक छिद्र सुटलं तर मात्र केस अवघड जाते.

कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांबद्दलही वेगळं सांगितलं पाहिजे, कारण भारतात या विषयावरचे दोन मोठे निकाल त्यावरच आहेत. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याभरात तपासावा लागतो. वेळेत कळलं तर लेसरने दृष्टी वाचते, नाही कळलं तर बाळ कायमचं आंधळं होतं. चेन्नईच्या एग्मोर भागातल्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये २९ आठवड्यांची, १२५० ग्रॅमची मुलगी जन्मली. डोळे तपासून घ्या असं कोणीच सांगितलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली. दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयात २००५ मध्ये ३२ आठवड्यांचा मुलगा जन्मला, तिथेही तेच झालं. २०१९ मध्ये ७६ लाख मिळाले. दोन्ही ठिकाणी पालकांच्या हातातला सर्वांत मोठा पुरावा म्हणजे डिस्चार्ज कार्ड. त्यावर डोळ्यांच्या तपासणीचा सल्लाच नव्हता.

फाईल हातात घ्या

चुकीचा संशय आला की भांडायला जाऊ नका, अर्ज घेऊन जा. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या वतीने कोणी मागणी केली की ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून आजही २००२ चेच चालतात. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच रुग्णाचा कागदपत्रांवरचा हक्क मान्य केला होता. तरी ‘फाईल ऑडिटला गेली आहे’, ‘मोठ्या डॉक्टरांची सही राहिली आहे’ अशी उत्तरं मिळतील. म्हणून अर्ज दोन प्रतींत करा. एका प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि ईमेलने पाठवा. भाषा साधी ठेवा. ‘पुढील उपचारांसाठी आई आणि बाळ दोघांच्या संपूर्ण इनडोअर फाईलची साक्षांकित प्रत द्यावी’ एवढं पुरे. हलगर्जीपणा हा शब्द या अर्जात नको.

‘दोघांच्या’ हे महत्त्वाचं आहे. आईची फाईल वेगळी असते आणि बाळाची एनआयसीयूची, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची, वेगळी. लोक एकच घेऊन येतात.

फाईल आली की हे कागद त्यात आहेत का बघा: दाखल झाल्याची वेळ, डॉक्टरांच्या वेळेसह नोंदी, परिचारिकांच्या नोंदी, कळांचा आलेख म्हणजे पार्टोग्राफ, बाळाच्या ठोक्यांच्या पट्ट्या, दिलेल्या औषधांचा तक्ता, कळा वाढवायच्या इंजेक्शनचा वेग, संमतिपत्रं, भूलतज्ज्ञाच्या नोंदी, शस्त्रक्रियेची टीप, जन्माची अचूक वेळ, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचा अपगार स्कोअर म्हणजे बाळाच्या प्रकृतीचे गुण, नाळेच्या रक्ताची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल, एनआयसीयूतले रोजचे तक्ते. परिचारिकांच्या नोंदी नीट वाचा. ‘डॉक्टरांना फोन केला, २.४०’ अशी एखादी ओळ बहुतेक वेळा तिथेच सापडते, डॉक्टरांच्या पानावर सापडत नाही.

ठोक्यांच्या पट्ट्या आणि सोनोग्राफीचे प्रिंट थर्मल कागदावर असतात. वर्ष-दोन वर्षांत ते पुसट होतात. त्याच दिवशी रंगीत झेरॉक्स काढा आणि फोनवर स्कॅन करून ठेवा. मूळ प्रत कोणालाही देऊ नका, वकिलांनाही नाही.

बाहेरच्या सोनोग्राफी केंद्रांकडेही जा. गर्भलिंगनिदानबंदी कायद्यानुसार प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरलेला असतो, आणि त्या नोंदी किमान दोन वर्षं जपायच्या असतात. तपासणीची तारीख, गर्भाचं वय आणि कोणत्या डॉक्टरने तपासलं हे त्यावरून ठरतं. अहवालावर एकाची सही आणि तपासणी दुसऱ्याची असेल तर तेही तिथेच कळतं. उपकेंद्रातलं माता-बाल संरक्षण कार्ड आणि आशाताईंच्या नोंदीही शोधा. गावाकडच्या बाळंतपणात रक्तदाब कधी वाढला होता हे त्या कार्डावरच असतं.

सरकारी रुग्णालयाची फाईल अर्ज करूनही मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

शेवटी एक कागद तुम्ही स्वतः तयार करा. तारीखवार, वेळवार, दोन पानांचा घटनाक्रम. फोनमधले कॉल, व्हॉट्सॲप मेसेज, औषधांच्या दुकानाच्या पावत्यांवरच्या वेळा जुळवून बघा. आई, सासू, नवरा, रात्री सोबत असलेली मावशी, प्रत्येकाला वेगळं बसवून आठवतं ते लिहून घ्या. सगळ्यांनी एकत्र बसून सांगितलं की एकच गोष्ट तयार होते, आणि उलटतपासणीत ती टिकत नाही.

एक सावधगिरी. रुग्णालय उरलेलं बिल माफ करतो म्हणत कागदावर सही मागू शकतं. ‘उपचारांबाबत कोणतीही तक्रार नाही’ अशा ओळीवर सही करू नका. बिल भरा आणि पावती घ्या. पुढे हीच पावती तुम्हाला ग्राहक ठरवते. आणि राग कितीही आला तरी तोडफोड, धक्काबुक्की नको. महाराष्ट्रात २०१० पासून रुग्णालयांवरच्या हिंसेविरुद्ध वेगळा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. तुमची तक्रार बाजूला पडते आणि तुम्हीच आरोपी होता.

दुसऱ्या डॉक्टरचं मत

फाईल घेऊन आधी वकिलाकडे जाण्याऐवजी आधी डॉक्टरकडे जा, असं माझं स्पष्ट मत आहे. शक्यतो दुसऱ्या शहरातल्या. एकाच गावातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहून देत नाहीत, त्यावर संताप करण्यात वेळ घालवू नका. स्त्रीरोगतज्ज्ञ, नवजात शिशुतज्ज्ञ आणि बालमेंदूविकारतज्ज्ञ असे तिघे लागू शकतात. लेखी मत मिळालं नाही तरी तोंडी विचारा: नेमकं काय व्हायला हवं होतं, ते केव्हा व्हायला हवं होतं, आणि ते झालं असतं तर बाळाची इजा टळली असती का. तिन्हींची उत्तरं धूसर असतील तर थांबा आणि पुन्हा विचार करा.

तज्ज्ञाच्या मताशिवाय तक्रार चालतच नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची गरज नसते. चूक उघड असेल तर आयोग स्वतः ठरवू शकतो. पण बाळंतपणातल्या प्राणवायूच्या प्रकरणांत चूक सहसा उघड नसते. तिथे मत लागतंच. खासगीतलं मिळालं नाही, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडून मत मागवावं असा अर्ज आयोगासमोर करता येतो. सरकारच्या आणि तज्ज्ञ संघटनांच्या छापील मार्गदर्शक सूचनाही पुरावा म्हणून जोडता येतात. बाळाच्या डोळ्यांच्या प्रकरणांत त्यांचा मोठा उपयोग होतो.

मुदत

ग्राहक आयोगात दोन वर्षं. तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजायची. इजा नंतर कळली तर कळल्यापासून, असं न्यायालयांनी मानलं आहे, पण त्यावर फार विसंबू नका. गोव्यात काम करणाऱ्या एका परिचारिकेच्या पोटात मुंबईतल्या शस्त्रक्रियेनंतर गॉज (पट्टीचं कापड) राहिला होता. तो नऊ वर्षांनी सापडला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण इतकी वर्षं दुखत असून तिने तपास केला नव्हता. परिचारिकेची ही गत, तर आपली काय होईल याचा विचार करा. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज तक्रारीसोबतच द्या, आणि बाळाच्या उपचारांच्या तारखा जोडून प्रत्येक महिन्याचं कारण सांगा.

दिवाणी कोर्टात साधारण तीन वर्षं. मात्र तिथे मुदतीच्या कायद्यातलं कलम ६ मदतीला येतं. बाळ स्वतः अज्ञान असल्यामुळे त्याच्या हक्कासाठी ते १८ वर्षांचं झाल्यावर पुढच्या तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो. आईवडिलांच्या स्वतःच्या मागणीला ही सवलत नाही. आणि १८ वर्षांनी फाईल कुठे असेल याचाही विचार हवा.

कुठे जायचं

मुख्य रस्ता ग्राहक आयोग. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली. २०१९ च्या नव्या कायद्यातही ती आहे. बिल विमा कंपनीने किंवा नोकरीच्या ठिकाणाने भरलं असेल तरी तुम्ही ग्राहकच. आणि बाळही ग्राहक. १९९८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलाला आणि पालकांना दोघांनाही वेगवेगळी भरपाई दिली. म्हणून तक्रार बाळाच्या नावाने अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) आई किंवा वडील अशी लावा, आणि आईवडिलांची नावंही स्वतंत्र तक्रारदार म्हणून घाला.

कोणत्या आयोगात जायचं हे तुम्ही मागितलेल्या रकमेवर ठरत नाही. तुम्ही सेवेसाठी किती पैसे दिले त्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. म्हणजे प्रसूती आणि एनआयसीयू मिळून तीन लाख बिल झालं असेल तर मागणी एक कोटीची असली तरी तक्रार जिल्हा आयोगातच, आणि फी शून्य. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर फीच नाही. रुग्णालय पुण्यात आणि तुम्ही लातूरला असाल तर लातूरलाही तक्रार लावता येते. अपंग बाळ घेऊन तारखांना फिरणाऱ्या कुटुंबासाठी २०१९ च्या कायद्यातली ही सर्वांत मोठी सोय आहे.

सरकारी रुग्णालयात, जिथे कोणालाच पैसे पडत नाहीत, तिथे ग्राहक कायदा सहसा लागत नाही. केस पेपरचे दहा-वीस रुपये म्हणजे मोबदला नव्हे. पण तिथे काही रुग्णांकडून खरोखर शुल्क घेतलं जात असेल तर मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. त्यामुळे आधी दरपत्रक बघा. ग्राहक कायद्यातून बाहेर पडलात तर दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका. सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सरकार आपल्या डॉक्टरांच्या चुकीला जबाबदार असतं हे महाराष्ट्रातल्याच प्रकरणात ठरलं आहे. औरंगाबादच्या सिव्हिल रुग्णालयात १९६३ मध्ये एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाला जबाबदार धरलं. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही एका वर्षाच्या आत जाता येतं.

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडची तक्रार वेगळी. तिथे पैसे मिळत नाहीत. परिषद ताकीद देऊ शकते किंवा नोंदणी ठरावीक काळासाठी किंवा कायमची काढू शकते. पण डॉक्टरचा लेखी खुलासा तिथे घ्यावा लागतो, आणि तो ग्राहक आयोगात उपयोगी पडतो. उलट परिषदेने डॉक्टरला निर्दोष ठरवलं तर समोरचा वकील तो कागद पहिल्याच तारखेला पुढे करणार. म्हणून तज्ज्ञाचं मत हातात आल्याशिवाय तिथे घाई करू नये.

पोलीस हा रस्ता लोकांना सर्वांत आधी सुचतो आणि बहुतेकांना सर्वांत कमी देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर, २००५ पासून, डॉक्टरविरुद्ध गुन्ह्यासाठी हलगर्जीपणा अतिशय गंभीर असावा लागतो आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. जिल्ह्यात ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीकडून येतं, मुंबईत जे. जे. रुग्णालयाकडून. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेत बाळ किंवा आई दगावली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, डॉक्टरसाठी शिक्षा दोन वर्षांपर्यंत. बाळ जिवंत पण जबर जखमी असेल तर कलम १२५. दारू पिऊन प्रसूती केली, पात्रता नसताना भूल दिली, नोंदी खोट्या केल्या, अशा गोष्टी असतील तर नक्की जा. निर्णयातल्या चुकीसाठी, उशिरासाठी, सहसा नको. समितीचा ‘हलगर्जीपणा दिसत नाही’ असा दोन ओळींचा अहवाल तुमच्या भरपाईच्या तक्रारीत काटा होऊन बसतो.

तक्रार लावताना

आयोगात वकील सक्तीचा नाही, पण या प्रकारात लावा. वैद्यकीय प्रकरणं केलेला असेल तरच. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आई आणि बाळ दोघंही त्यात बसतात, आणि तरीही फार थोडी कुटुंबं तिथे जातात. हेल्पलाइन १५१००.

पक्षकार करताना रुग्णालय, प्रसूती केलेले डॉक्टर, गरज असेल तर बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी केंद्र घ्या. डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असेल तर विमा कंपनीलाही घ्या, कारण शेवटी बहुतेकदा पैसे तीच देते. बाहेरून येणारा (व्हिजिटिंग) डॉक्टर आपला नोकर नाही, असं रुग्णालय म्हणेल. तुम्ही पैसे कोणाच्या पावतीवर दिले ते दाखवा. ज्यांच्याबद्दल ठोस काही सांगता येत नाही त्यांना रागापोटी गोवू नका. भूलतज्ज्ञ आणि रात्रपाळीची परिचारिका कधीकधी तुमच्याच बाजूची साक्ष ठरतात.

तक्रार ऑनलाइनही लावता येते. त्यासाठीचं सरकारी संकेतस्थळ आधी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती. समोरच्याने ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते, फार तर १५ दिवस वाढवून मिळतात. २०२० च्या घटनापीठाच्या निकालानुसार त्यापुढे एक दिवसही नाही. ती तारीख डायरीत लिहा आणि हुकली की अर्ज द्या. आयोगात मध्यस्थीची सोय आहे, पण गंभीर इजा किंवा मृत्यूचा वैद्यकीय हलगर्जीपणा नियमांनुसार मध्यस्थीकडे पाठवत नाहीत. बाहेर तडजोड करायची असेल तर वकिलांसमोर आणि आयोगात नोंदवून करा.

कायदा तीन ते पाच महिन्यांत निकाल म्हणतो. वर दिलेल्या तारखा पुन्हा बघा: १९९६ ते २०१५, २००५ ते २०१९, २००६ ते २०२२. वरपर्यंत लढलेली ही प्रकरणं आहेत, प्रत्येकाला इतका वेळ लागतोच असं नाही, पण घराचं नियोजन निकालाच्या भरवशावर करू नका.

किती मागायचं

आकडा हवेतून काढला की आयोगही हवेतूनच कापतो. आजवरचा खर्च पावत्यांसह मांडा. मग पुढचा: फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, औषधं, व्हीलचेअर दर काही वर्षांनी, विशेष शाळा, सांभाळायला माणूस, घरातले बदल, आणि महागाई. चेन्नईच्या प्रकरणात सर्वांत मोठी रक्कम भविष्यातल्या खर्चाचीच होती. थेरपिस्टकडून वर्षाच्या खर्चाचं लेखी पत्र घ्या. आईने नोकरी सोडली असेल तर तिच्या शेवटच्या पगाराची स्लिप आणि राजीनामा जोडा. ती नोकरी करत नसेल तरी तिच्या चोवीस तासांच्या शुश्रूषेचं मोल मागा. दिल्लीच्या प्रकरणात आईसाठी वेगळी रक्कम दिली गेली. त्यावर बाळाचं गमावलेलं उत्पन्न, वेदना, आणि तक्रारीच्या तारखेपासून व्याज.

खटला चालू असताना

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. सवलती मिळतात आणि इजेची टक्केवारी सरकारी कागदावर येते. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात लहान मुलांची थेरपी मोफत होते, आणि ती जितक्या लवकर सुरू होईल तितकी बरी. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण देते. थेरपीच्या प्रत्येक भेटीची नोंद ठेवा. पालकांनी उपचार केले नाहीत म्हणून बाळ खालावलं, हा बचाव समोरून हमखास येतो.

निकालानंतर

निकाल विरोधात गेला तर जिल्हा आयोगावरून राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील. समोरच्याने अपील केलं तर त्याला आधी आदेशाच्या निम्मी रक्कम भरावी लागते. निकाल बाजूने लागूनही पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद होऊ शकते, आणि त्या अर्जाची नोटीस गेली की बऱ्याच ठिकाणी धनादेश येतो.

बाळाच्या वाट्याची रक्कम बहुधा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायला सांगतात, आणि व्याज पालकांना मिळतं. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुद्दल लागलं तर आयोगाची परवानगी घ्यावी लागते. मूल १८ वर्षांचं झालं की बँक पालकांची सही मान्य करणं थांबवते. मुलाला स्वतः व्यवहार करता येत नसतील तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा. अठरावा वाढदिवस येण्याच्या काही महिने आधीच चौकशी सुरू केलेली बरी, नाहीतर मधल्या काळात व्याजही अडकून राहतं.